विकतचे भय

खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका हे थरारक खेळांचे करमणूक-उद्यान उघडले तेव्हापासून आमच्या आणे पठारावरील कुटुंबप्रमुखांवर एक नवीच मोहीम येऊन पडली आहे : महिनाभर आधी तारीख मुक्रर करावी, कांद्याच्या पट्टीतून तिकिटांची तजवीज लावावी, पहाटे जीपमध्ये ओकाऱ्या सांभाळीत घाट उतरावा, आणि अखेरीस दोन मिनिटांच्या सशुल्क भयासाठी उन्हात तिष्ठत राहावे. वस्तुतः आमच्या जवळच्याच गुळुंचवाडीचा निसर्गनिर्मित दगडी पूल विनामूल्य पाहता येतो. आमच्या आणे गावच्या रंगदासस्वामींच्या यात्रेतही गर्दी असते, परंतु तेथे कढईतली वाफाळती आमटी अन् घरोघरची भाकरी पदरी पडते. तरीही पोरांना एकवार न्यावे, कारण त्यांचा अर्ज कोणत्याच कचेरीत नामंजूर होत नाही. दुसऱ्यांदा मात्र उसनवारी करून जाणे हा शुद्ध अव्यापारेषु व्यापार होय.