सेलोफेनच्या कारागिरास अनावृत पत्र

रायपूरनिवासी, फळकरंडीभूषण महोदय यांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर आमच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुण्याच्या भावाने फोनवरूनच आपल्या दुकानात टोपली सांगितली आणि आमच्या घराला आपले पाय लागले. उपकार कसे फेडावेत?

फळं मांडावीत तर आपणच. लग्नातल्या रुखवतासारखी: बघावं, वाखाणावं, हात लावू नये. आम्ही अडाण्यांनी लावला. चिकटपट्टीचे इतके वेढे आपण प्रेमाने दिले होते की कात्री हरली, शेवटी विळी काढली.

आपला शास्त्राचा व्यासंगही दांडगा. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या केळ्यांना नि किवीला घाईने पिकवतो, हे ठाऊक असल्याशिवाय का आपण सगळ्यांना एकाच सेलोफेनमध्ये कोंडलंत? केळ्यांनी तर टोपली उघडायचीही वाट पाहिली नाही.

आत्याच्या नव्या भिंगाची परीक्षाही आपणच घेतलीत. तिने सफरचंदावरचा सोनेरी स्टिकर नखाने अलगद उचलला. खाली रुपयाएवढा तपकिरी, मऊ डाग. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं तिला इतकी स्वच्छ दिसली नव्हती! परदेशात असल्या स्टिकरवर फळाच्या जातीचा आकडी कोड असतो. आपल्या स्टिकरवर नुसतंच ‘बेस्ट क्वालिटी’. आणि देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण उगाच सांगत बसतं, की स्टिकरखाली दोष झाकले जातात.

द्राक्षांबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. नाशिकच्या बागांत ऑक्टोबर छाटणी चाललेली असताना आपण आम्हाला द्राक्षं चारलीत. कुठल्या देशातून, कुठल्या शीतगृहातून आली, हे विचारण्याचं पाप आम्ही करणार नाही. आंबट होती, एवढंच.

फळांच्या वरच्या थराखाली आपण वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्यांचा गुबगुबीत थर दिला होता. अर्धी टोपली तोच. आत्याला वाचायची बंदी आहे, नाहीतर तेवढाच विरंगुळा.

एक आगाऊ प्रश्न विचारू? दिवाळीच्या दिवसांत कांकेरच्या रानातली सीताफळं रायपूरच्या रस्त्याकडेला येतात. अवघ्या दीडशे किलोमीटरच्या आतली. ती आपल्या टोपलीत का नसतात? उत्तरही मीच देतो, आपल्याला कष्ट नकोत. पिकलेलं सीताफळ काचेमागे आठवडाभर उभं राहत नाही. डोळे उघडले की त्याच दिवशी खावं लागतं. त्याला मेण चढत नाही, स्टिकर चिकटत नाही. शिवाय ते स्वस्त! आजाऱ्याला स्वस्त फळ दिलं तर देणाऱ्याची शोभा ती काय? जशपूरच्या नाशपातीला, इथल्या पेरूलाही आपण याच न्यायाने दाराबाहेर ठेवलंत. धन्य ते धोरण. आम्हीही भाबडे, खाणाऱ्याला काय आवडतं यापेक्षा देणाऱ्याचा खर्च किती दिसतो, ते पाहून ऑर्डर देतो.

हे पत्र मराठीत असल्याने आपल्या नजरेस पडणार नाही, याची खंत आहे. तात्यापाऱ्यातल्या आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींनी मात्र जरूर वाचावं. दिवाळीत आपल्या दारी रांग लावणाऱ्यांत तीही असतात.

कृपालोभ असावा, पण टोपली नको.

आपला ऋणाईत,
एका रुग्णाचा भाचा

ता. क. – टोपली, म्हणजे नुसती टोपली, अस्सल निघाली. बांबूची, घट्ट विणीची. इथले कंडरा लोक विणतात तसली टुकनी. आत्याने तिच्यात कांदे ठेवले आहेत. पुढच्या खेपेस तेवढीच पाठवावी. बिलाचा आकडा तोच राहू द्या, भावाला पुण्यात चुकल्यासारखं वाटायला नको.