पिकअपवाले माजलेत!

पिकअपवाला म्हणजे उर्मट, हे आमच्या सोसायटीत एकमताने ठरलेलं आहे. तो फोनवर बोलत गाडी हाकतो. आपण फक्त महत्त्वाचे कॉल घेतो. तो उजवी लेन सोडत नाही. आपल्याला घाई असते. त्याच्या बंपरला लिंबू-मिरची लटकते, ती अंधश्रद्धा. आपल्या डॅशबोर्डवरचा गणपती, तो संस्कार.

टाटांनी २००५ साली 'एस' आणली आणि लोकांनी तिचं 'छोटा हत्ती' असं बारसं केलं. पाऊण टनाच्या त्या हत्तीवर दीड टन चढतो, हे खरंच. पण भाडं ठरवताना "एकाच खेपेत बसव की रे दादा, कपाट आडवं टाक, वर गाद्या, गाद्यांवर कुंड्या" असं कोण म्हणतं? नंतर तोच हत्ती घाटात पुढे रांगताना दिसला, की हॉर्नवर हात ठेवून "आरटीओ काय झोपा काढतंय?" हेही आपणच विचारतो.

नारायणगावचे टोमॅटो क्रेटमध्ये रचून, ताडपत्री आवळून तो रात्रभर पळतो. पहाटे वाशी गाठली नाही तर भाव हुकतो, म्हणून पळतो. हा त्याचा माज. आपल्याला तेच टोमॅटो दहा मिनिटांत दारात हवेत, ती मात्र सोय.

आणि दोनेक टनांची एसयूव्ही काढून एकटा गृहस्थ कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी आणायला जातो, डबल पार्किंग करतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. माल भरून चालवली की गाडी अडथळा ठरते. रिकामी चालवली की स्टेटस!