मामींचं भांडण छापून येणार!

"अगं बाई, ऐकलंस का? आपलं नळावरचं भांडण छापून यायलंय म्हणं!"

मामी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून उभ्या. निवडायला घेतलेला गलांडा तसाच ओंजळीत. आमच्या मुदखेडात फुलांना तोटा नाही. पहाटेच माल नांदेडला निघतो, तिथून पार हैदराबादेला. मोडकातोडका उरतो तो मामींच्या देवाला. पण आज देव ताटकळत होता.

"पेपरात यायलंय का काय?" मी म्हणलं.

"पेपरात कशाला, पुस्तकात! नातीच्या वर्गातली पोरं मिळून पुस्तक लिहायलेत. आमच्या बयेला दुसरं काही सुचंना. आजी आन शेजारच्या काकूचं घागरीवरून भांडण, हे तिचं पान. शेजारची काकू म्हणजे तूच की!"

हसावं का चिडावं कळंना. "पण पुस्तक कशाला म्हणं?"

"विकायला. पैसे मुखेडकडच्या पोरांना द्यायचेत. पुरात वह्या-दप्तरं गेली त्यांची."

2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात पाऊस कोसळला, हसनाळ, रावणगाव रातोरात पाण्यात गेली, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी माझ्या माहेरच्यांनी फोन करकरून जीव खाल्ला होता. बातमी मुखेडची, काळजी मुदखेडची. बाहेरच्यांना दोन्ही गावं सारखीच वाटतात.

"मग सरळ पावतीपुस्तक काढावं की," मामी म्हणल्या. "घरोघर फिरावं, दहा-वीस मागावं. भांडणं कशाला विकायची?"

मला हे पटत नाही, आणि मी तसं सांगितलं. सात डिसेंबरला ध्वजदिनाचे कागदी झेंडे आमच्या हाती द्यायचे, आठवतंय ना? पोरगं गल्लीत दोन दारं वाजवायचं, उरलेले सगळे बाप घ्यायचा. मदत बापाची, नाव पोराचं. किल्लारीच्या वक्ताला वेगळं होतं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपलेली, आणि गावंच्या गावं मातीत गेली. तेव्हा कुणाला मागावं लागलं नाही. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपातली बाराशे लेकरं शिकायला पुण्याला नेली. पण तसली हळहळ दरसाल कुठून आणायची? एरवी दारात डबा आला की माणूस खिसा चाचपतो आणि "पुढच्या घरी जा" म्हणतो. पोरानं स्वतः केलेली वस्तू पुढं धरली तर निदान हातात घेऊन बघतो तरी.

ओसरीवरून मामांचा आवाज आला. मामा रिटायर मास्तर. कान पेपरात नसतात, भिंतीकडं असतात. "साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात होते तेव्हा वसतिगृहाच्या पोरांसाठी रात्री जागून 'छात्रालय दैनिक' काढायचे. हातानं लिहून. रोज!"

"ते गुरुजींनी लिहिलं," मामींनी तिकडं न बघताच उत्तर दिलं. "हितं पोरं लिहायलेत. फरक हाय का न्हाई?"

फरक आहेच. शाळांत हस्तलिखित अंक निघतात, पण बहुतेक ठिकाणी ते गॅदरिंगच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते फीत सोडवून कपाटात जातात. दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली सापडत नाही. विकायचं म्हणलं की गोष्ट बदलते. अनोळखी माणूस पैसे मोजून वाचणार, म्हणल्यावर पोरगं नीट लिहितं.

मग मी मामींना कॅलिफोर्नियातली गोष्ट सांगितली. लाँग बीच गावातलं वुड्रो विल्सन हायस्कूल. 1994 ला एरिन ग्रुवेल नावाच्या नव्या बाई तिथं शिकवायला आल्या. वर्गात टोळ्यांच्या मारामाऱ्या बघितलेली, बंदुका बघितलेली पोरं. शाळेनं हात टेकलेले. बाईंनी त्यांना अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचायला दिली आणि म्हणल्या, आता तुमचं लिहा. दीडशे पोरांनी लिहिलं. 1999 ला त्याचं पुस्तक निघालं, 'द फ्रीडम रायटर्स डायरी'. पुढं सिनेमाही आला. लेखकांच्या वाट्याचे पैसे एका संस्थेला गेले आणि ती संस्था काढली होती ह्याच पोरांची कॉलेजची फी भरायला.

"आन मग त्यांच्या घरातलं समदं बाहेर पडलं असंल की!"

"पडलं. पण कुणाचं ते कळलं नाही. पुस्तकात नावंच नाहीत. डायरी एक, डायरी दोन, असे नुसते आकडे."

मामींचा चेहरा जरा मोकळा झाला. "आकडे असतील तर चालतंय." मग थोडं थांबून, "पण नळ, घागर, आजी आन शेजारची काकू म्हणलं की आकडा कशाला पाहिजे? अख्खी गल्ली वळखंल."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी नातीलाच हाक मारली. ती वही घेऊन आली. वाचली आणि खरं सांगते, भांडण माझं असून मला मजा आली. तिनं लिहिलं होतं, "आजीनं घागर अशी आपटली की पोचा आला आणि काकू म्हणाली, पोचा तुमच्याच घागरीला आलाय, आमचं काय गेलं." ह्याच्यावर लाल शाईनं काट मारून वर लिहिलेलं, "आजी क्रोधित झाली व दोघींमध्ये शाब्दिक चकमक उडाली."

"हे कुणी केलं?"

"मॅडमनी. शुद्ध पाहिजे म्हणल्या."

ऱ्हस्व-दीर्घ जरूर सुधारावं, त्यासाठीच मोठी माणसं असतात. पण घागरीचा पोचा काढून 'शाब्दिक चकमक' बसवली तर ते पुस्तक विकत कोण घेणार? असली वाक्यं रोजच्या पेपरात मिळतात. मी नातीला सांगितलं, मॅडमना माझं नाव सांग आणि म्हणावं, भांडणात होती ती काकू स्वतः म्हणायली की पहिलंच खरं आहे.

आता राहिला खर्च. त्यात मामी हुशार. फुलांच्या पट्टीचा हिशेब त्यांना तोंडपाठ. नांदेडच्या छापखान्यात पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यानं मोजतात, म्हणून चौसष्ट पानं म्हणजे चार फर्मे. सत्तर पानं केली तर उगाच कोरी पानं गळ्यात. पिना मारून बांधलं तर स्वस्त. प्रती वाढतील तसा एका प्रतीचा खर्च उतरतो, पण न खपलेल्या प्रती मामींच्या न गेलेल्या फुलांसारख्या. फुलं निदान देवाला तरी घालता येतात. आयएसबीएन नंबर सरकार फुकट देतं, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नयेत.

"छपाईला पैसे कोण देणार?" मामींनी विचारलं. "कुणी पुढारी धरला तर मुखपृष्ठावर त्याचाच हात जोडलेला फोटो. पोरं गेली मलपृष्ठावर, बारक्या अक्षरात."

"पालकांनी थोडे थोडे उसने द्यावेत. विक्रीतून आधी ते फेडायचे, उरलेले मुखेडला. छपाईला किती गेले, प्रती किती खपल्या, हातात किती राहिले, सगळं शाळेच्या फळ्यावर लिहायचं. पोरांनीच. लिहिणं शिकतील तसं हिशेब देणंही शिकतील."

मामींनी पदराचं टोक दातात धरलं. त्यांचा विचार चालला की असंच होतं. मग म्हणल्या, "मी देते दोन फर्म्याचे. दसऱ्याच्या झेंडूचे ठिवलेत. पण एक अट हाय. माझी बाजूबी छापायची. घागर आधी माझी होती."

"मामी, आधी माझी होती!"

"बघ, पुन्हा लागली भांडाया," मामा ओसरीवरून.

नात खाली बसून लिहायलाच लागली होती.

पुस्तक निघेल तेव्हा गल्लीतल्या आणि गल्लीबाहेरच्या सगळ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. ओळखीचे म्हणून भेट प्रत मागू नका. छापली आहे तेवढीच किंमत द्या, वरचे शंभर देऊन उपकार दाखवू नका. बापांनी दहा-दहा प्रती उचलून माळ्यावर टाकू नयेत. आणि घेतलंत तर वाचा.