शासन निर्णय कसा वाचावा?

आकलनक्षमता वाढावी म्हणून लोक कथा-कादंबऱ्या वाचत बसतात. तो सोपा मार्ग झाला. कादंबरी वाचकाला कळावी अशी निदान लेखकाची तरी इच्छा असते. खरी तालीम हवी असेल तर शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, हाती घ्यावा. १९६४ चा राजभाषा अधिनियम आल्यापासून कारभार मराठीतून चालतो, त्यामुळे दुभाष्या मिळणार नाही.

जीआर वरून खाली वाचू नये. वर ठळक अक्षरांत 'वाचा' असे असते, त्या आग्रहाला बळी पडू नये. तिथे जुन्या निर्णयांचे क्रमांक असतात. ते उघडलेत तर त्यांचेही आपापले 'वाचा' निघते आणि दिवेलागणीपर्यंत तुम्ही राज्यस्थापनेच्या आसपास पोहोचता. प्रस्तावनेतून एवढेच कळते की, सदर बाब शासनाच्या विचाराधीन होती. कधीपासून, हे विचारू नये.

मुख्य मजकुरातले वाक्य अर्धे पान चालते. दम न सोडता बोट थेट पूर्णविरामावर न्यावे. तिथे 'येत आहे' हमखास असते. त्याच्या अलीकडे 'मंजूर करण्यात' आहे की 'अधिक्रमित करण्यात', हे पाहिले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे 'तथापि'मध्ये असते. 'तथापि'च्या आधी शासन देते, नंतर परत घेते. 'वगळून', 'अधीन राहून', 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करावेत. एवढे करूनही तुमच्या पदरात काही पडत असेल तर पुन्हा वाचावे. एखादा 'वगळून' नजरेतून सुटला आहे.

शेवटी 'प्रत' येते. राज्यपालांच्या सचिवांपासून सुरू झालेली यादी 'निवड नस्ती'वर संपते. सगळ्यांना प्रत गेली, म्हणजे कोणीतरी वाचली असणार, असे मानून पुढे जावे. संकेतांकाचे पहिले आठ आकडे मात्र जरूर पाहावेत, त्यांत साल, महिना आणि तारीख असते. तारीख मार्चअखेरची असेल तर खर्च आधी करावा, आकलन सवडीने.

आता सामूहिक वाचन. पीडीएफ शाळेच्या ग्रुपवर पडते. मधल्या सुट्टीत गुरुजी म्हणतात, "आपल्याला लागू आहे." बाई म्हणतात, "अहो, ते नगरपालिकेच्या शाळांना." मुख्याध्यापक चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "मार्गदर्शन मागवू." आकलनाची ही सर्वोच्च पायरी. 'मार्गदर्शन मिळणेबाबत' असे पत्र वर जाते आणि यथावकाश उत्तर येते, की संदर्भीय शासन निर्णयातील तरतुदीनुसार उचित कार्यवाही करावी. हे पत्र फाइलला लावावे. ते समजले नाही तरी चालते, लेखापरीक्षणात दाखवता आले पाहिजे.

दरम्यान शुद्धिपत्रक निघते. अमुक ओळीत 'अनुज्ञेय राहील'ऐवजी 'अनुज्ञेय राहणार नाही' असे वाचावे. एवढे स्पष्ट मराठी मंत्रालयातून क्वचितच येते, तेव्हा नवशिक्यांनी सराव इथूनच सुरू करावा.