तूरडाळीची बाजू

आमच्या घरात कोणाच्या छातीत जळजळायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खाल्लंस?" कधी खाल्लंस, किती खाल्लंस, खाऊन लगेच आडवा झालास का, हे कोणी विचारत नाही. तपास पदार्थापाशी सुरू होतो आणि पदार्थापाशीच संपतो. संशयितही पिढ्यान्‌पिढ्या तेच: वांगं, दाण्याचं कूट, हरभऱ्याची डाळ, आंबट ताक. त्यातही तूरडाळ म्हणजे सराईत गुन्हेगार. "तुरीचं वरण बंद कर, मुगाचं खा," हा सल्ला मला आईने दिला आहे, मावशीने दिला आहे, ऑफिसातल्या शिपाईकाकांनी दिला आहे आणि ज्याला मी फक्त पत्ता विचारला होता अशा एका रिक्षावाल्यानेही दिला आहे.

या डाळीचं वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नाही, म्हणून मी घेतो. रविवारी दुपारी एक वाजता वाटीभर वरण ओरपलं तर ते मुकाट्याने पचतं. तेच वरण मंगळवारी रात्री दहाला खाल्लं की बाराच्या सुमारास घशाशी येऊन हजेरी लावतं. डाळ तीच, कुकर तोच, वरचं तूपही तेच. वेगळं काय असेल तर भिंतीवरचं घड्याळ, आणि त्याच्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. आजीच्या बटव्याला ओढायचा बंद असायचा ना, तसं. घास आला की सैल व्हायचं, घास आत गेला की पुन्हा आवळायचं, एवढंच त्याचं काम. आत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते चांगलं जहाल असतं. उपाशीपोटी त्याचा सामू दीड-दोनच्या घरात. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नाही. अन्ननलिकेला तसलं चिलखत नाही, त्यामुळे तेच आम्ल दोन बोटं वर सरकलं की आग आग होते. जठर तुडुंब भरून ताणलं गेलं की हे कडं मधूनच उगाच सैल पडतं. तळकट जेवण जठरात रेंगाळतं. सुटलेली ढेरी आणि तिच्यावर आवळलेला पट्टा खालून रेटा देतात. सिगारेट आणि दारू त्या कड्याची पकड ढिली करतात. चॉकलेट आणि पुदिनाही काहींना बाधतो, म्हणजे हॉटेलात बिलाबरोबर येणारी ती थंडगार गोळीसुद्धा फारशी सज्जन नाही. इतकं सगळं होऊनही माणूस बसलेला किंवा उभा असेल तर गुरुत्वाकर्षण सांभाळून घेतं. आडवा झाला की तेही सुटलं.

वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाची वाटणी करून ठेवली आहे: चारातले दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्यासाठी मोकळा. आपल्याकडे तो चौथा भाग श्रीखंडासाठी राखीव असतो.

घड्याळाची करामत बघायची असेल तर संकष्टी चतुर्थी बघावी. दिवसभर उपास, म्हणजे सकाळपासून रिकाम्या पोटी चहा, दुपारी दाण्याचं कूट पेरलेली साबुदाण्याची खिचडी, चारला पुन्हा चहा आणि बरोबर बटाट्याचा तळलेला चिवडा. मग चंद्राची वाट. तो त्या दिवशी बऱ्याचदा नऊ-साडेनऊच्या आधी उगवत नाही आणि उगवला तरी समोरच्या टॉवरच्या मागून. आरती, नैवेद्य, पानं घेणं यात दहा वाजतात. मग उकडीचे मोदक, वर तुपाची धार, वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि दिवसभर पोटात काही नव्हतं म्हणून आग्रहाने आणखी एक मोदक. अकराला अंथरूण. रात्री एकला माणूस उठून पलंगावर बसतो, करपट ढेकर देतो आणि म्हणतो, "आजची डाळ तुरीची होती का गं?" बाप्पाची यात काही चूक नाही. दुपारची खिचडी थोडी कमी घेऊन, रात्रीचे मोदक निम्मे उद्याच्या नाश्त्याला ठेवले तर देव रागावल्याचं ऐकिवात नाही. पाहुणे मात्र रागावतात.

पोटात डोकावून बघायची सोय माणसाला पहिल्यांदा नीट मिळाली ती एका अपघाताने. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या विशीतल्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम भरताना पोटाला एक भोक राहिलं ते राहिलंच. डॉक्टर मग मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडायचा आणि वेळ लावून बाहेर ओढून बघायचा. १८३३ साली त्याने या सगळ्याचं पुस्तक काढलं. सेंट मार्टिनला या शास्त्राचा यथावकाश भयंकर कंटाळा आला, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तो चिडलेला असला की पचन बिघडतं, हीही नोंद डॉक्टरने करून ठेवली. (पेशंट पुढे १८८० पर्यंत जगला, डॉक्टर त्याच्या २७ वर्षं आधीच गेला.) रात्री नऊला ताटं वाढून समोर टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम लावणाऱ्या घरांनी त्या नोंदीचा विचार करावा. पाच प्रवक्ते एकाच वेळी ओरडत असताना घास बत्तीस वेळा चावणं कोणालाही जमायचं नाही.

उपायांच्या बाबतीत प्रत्येक घर स्वयंपूर्ण असतं. थंड दूध प्यायलं की तात्पुरतं बरं वाटतं हे खरं, पण दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, त्यामुळे झोपताना पेलाभर दूध म्हणजे मध्यरात्रीची सोय. कोकणात कोकमाचं आगळ देतात. ते मुळात आंबट, तरी काहींना मानवतं आणि काहींची जळजळ वाढवतं. तुम्ही कोणत्या गटातले ते तुमच्या घशाला विचारा, मावशीला नको. मोरावळ्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण तो मला आवडतो.

गोळ्यांचं मात्र गमतीचं आहे. पॅन्टोप्राझोलची पाकिटं हल्ली पर्समध्ये लवंग-वेलदोड्यासारखी असतात आणि लग्नाच्या पंगतीत बसता बसता विम्यासारखी एक गिळली जाते. ही गोळी आम्ल तयार करणारे पंप बंद करते. जेवणाने ते पंप चालू व्हायच्या वेळी ती रक्तात हजर असावी म्हणून नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. म्हणजे इथेही पुन्हा घड्याळच. आणि डॉक्टरांनी सांगितली तेवढेच दिवस. वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू ठेवायची ती वस्तू नव्हे.

झोपण्याचीही एक रीत आहे. डाव्या कुशीवर झोपलं तर जठरातलं आम्ल खालच्या बाजूला साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर उलट. आपल्या जुन्या लोकांची वामकुक्षी कुशीच्या बाबतीत अगदी बरोबर होती. फक्त जेवण आणि आडवं होणं यात दोन-तीन तास जावेत, असं आता डॉक्टर सांगतात, आणि ती मुदत शतपावलीने भरत नाही. ते पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलायलाही सांगतात. उशांची चळत लावून चालत नाही. त्याने माणूस कमरेत दुमडतो आणि पोट उलट दाबलं जातं. उचलायचा तो पलंगच, पायांखाली लाकडी ठोकळे देऊन. हा सल्ला ऐकून मी उत्साहाने घरी आलो. आमच्या पलंगाला पाय नाहीत. तो खालून पेटीसारखा आहे आणि त्यात हिवाळ्याच्या रजया, जुनी पातेली आणि रुखवतातल्या वस्तू आहेत. शेवटी गादीखाली घालायचा उताराचा फोम आणला. आता मुलगा त्यावरून गाड्या सोडतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. छातीत दाबल्यासारखं होतंय, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, घाम फुटलाय, धाप लागलीय, अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणत ओवा चघळत बसायचं नाही. तडक रुग्णालय गाठून ईसीजी काढायचा. घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तरी मोरावळ्याचं काम संपलं असं समजावं.

आता पुन्हा डाळीकडे. तिच्यावर आळ का येतो, हे मला डोंबिवली लोकलच्या दारात लटकताना उमगलं. डाळ बदलता येते. तुरीऐवजी मूग, मुगाऐवजी मसूर. वाण्याकडे एक फोन केला की झालं. सहा वाजता सुटणारं ऑफिस सातला सुटतं, गाडी कुर्ल्याला उगाच थांबते, घरी पोचायला नऊ वाजतात, हे बदलता येत नाही. जे बदलता येत नाही त्याला दोष देऊन काय करणार? त्यापेक्षा डाळ बरी, ती उलट बोलत नाही. रात्री सातच्या आत जेवा म्हणणारे आहारतज्ज्ञ सगळे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहत असावेत.

त्यावर मी काढलेली तोड म्हणजे दुसरा डबा. सकाळी निघताना एक जास्तीची भाकरी आणि कोरडी भाजी घ्यायची, संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातच शांतपणे खायची, आणि रात्री घरी फक्त चार घास. पोटाने हा करार लगेच मान्य केला. आईने अजून केलेला नाही. तिच्या मते ऑफिसात खाल्लेलं ते जेवणच नव्हे आणि घरचं पान सोडून बाहेर जेवणारा माणूस एक तर रुसलेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. तरी रात्री सगळ्यांबरोबर पानावर बसतो, वाटीभर वरण-भात घेतो, तुरीच्याच डाळीचा. आई ताटाकडे बघते, मग माझ्याकडे, आणि पळी पुन्हा पातेल्यात बुडवत म्हणते,

"एवढंसंच? अरे, असं अर्धपोटी झोपलास तर पित्त होईल!"