आधी पोट, मग पाटी?

सिव्हिल लाइन्समधल्या व्हरांड्यात चहा पिता पिता काका ठणकावून म्हणाले, "निर्वासितांच्या छावणीतल्या पोरांना आधी पोटभर जेवू घाला, शाळेचं नंतर बघू." नंतर म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. स्वतःच्या नातीला मात्र त्यांनी सकाळीच अंगात ताप असताना शाळेत पाठवलं होतं. परीक्षा तोंडावर आलीय ना!

काकांना वळिवडे आठवत नसावं. 1943 साली, ऐन महायुद्धात, कोल्हापूरजवळच्या त्या माळावर सुमारे 5000 पोलिश निर्वासित आले. बहुतेक बायका-मुलंच. सैबेरियाचा वनवास भोगून इराणमार्गे आलेल्या पोरांकडे कुठला दाखला असणार? तरी बराकींत शाळा भरल्या, थेट माध्यमिकपर्यंत. भूगोल पोलंडचा, ऊन मात्र करवीरचं! पोलिश गेले आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर.

आता तर 2009 चा शिक्षणहक्क कायदाच आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "ते ठीक, पण आधार कार्ड?"