संकठा घाटावरची काळी-पिवळी

काशीत मामांच्या घरी जायचं तर मैदागिनलाच रिक्षा सोडावी लागते. पुढे गल्ली. गल्लीत सांड, सांडामागे मोटारसायकल आणि दोघांच्या मधून वाट काढत जाणारी 'राम नाम सत्य है'. संकठा देवीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. त्या दारापर्यंत चारचाकी कधी आलेली नाही, येणारही नाही. मामांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ते हातात धरूनच चालवतात.

आणि हे गृहस्थ गेली अकरा वर्षं मोटारगाड्या बनवतात. अस्सल गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या.

दुकानातून प्लॅस्टिकचा तयार संच आणून जोडणाऱ्यांना मामा माणसांत धरत नाहीत. "कार्यालयात जेवून यायचं आणि घरी सांगायचं, आज मी स्वयंपाक केला!" असं त्यांचं मत. खरा कारागीर रेझिनच्या ओबडधोबड बॉडीवर काम करतो. म्हणजे कुणीतरी एक नमुना घडवतो, त्यावरून सिलिकॉनचा साचा काढतो, साच्यात रेझिन ओततो आणि जे निघेल ते तसंच्या तसं तुमच्या गळ्यात मारतो. पुढचं तुम्ही आणि तुमचं प्रारब्ध.

मामांना हवी होती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट 1974 साली पद्मिनी झाली, ती. त्यातही मुंबईची टॅक्सीच. लहानपणी कुणाच्या तरी मुंजीला गेले असताना दादर ते गिरगाव ते पुढच्या सीटवर बसून गेले होते. तो प्रवास त्यांच्या डोक्यातून उतरलेला नाही. 2023च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा मामांनी दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली. मामींनी विचारलं, "अहो, कोण गेलं?"

बॉडीचं पार्सल आलं तेव्हा मी तिथेच होतो. कुरियरवाल्या पोराचा चौकातून फोन, "बाबूजी, बाहर आ जाइए, गली में नहीं घुसेंगे." मामा धोतर सावरत धावले. खोक्यातून निघाली ती शिळ्या उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची एक वस्तू. खिडक्यांना पापुद्रे, टपावर टेंगूळ, सगळ्या अंगावर सुईने टोचल्यासारखी भोकं. वर ती एका अंगाला कललेली.

"मामा, ही वाकडी आहे."

"आपला रत्नेश्वर वाकडा नाही? तिथे फोटो काढायला जातोस ना?"

पण रत्नेश्वराचं देऊळ कललेलं चालतं, पद्मिनी चालत नाही. बादलीत कढत पाणी आलं. रेझिन मऊ होईपर्यंत बॉडी बुडवायची, मग सपाट काचेवर हलक्या हातानं दाबायची आणि लगेच गार पाण्यात सोडायची. त्याआधी भांड्याच्या साबणानं खसखसून स्नान, कारण साच्याचा तेलकट लेप राहिला तर पुढे रंग धरत नाही. ब्रश मामींचा, दातांचा. साबणही मामींचा. मामींच्या हिशेबानं या घरात ताटांपेक्षा गाड्या जास्त वेळा घासल्या जातात.

मग लांबी. भोकाभोकात लांबी भरायची, वाळू द्यायची, घासायची. घासलं की आतलं नवं भोक उघडं पडतं, की पुन्हा लांबी. घासायचं ते पाण्याखालीच, रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट. काशीतल्या मराठी घरांत पॉलिशपेपरला रेगमाल म्हणतात, आणि मामांना त्याचे नंबर पाढ्यासारखे पाठ : चारशे, सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. तोंडाला मास्क, पुढ्यात परात, खिडकीबाहेर गंगा. 2020 साली सगळं शहर मास्क लावून हिंडायला लागलं, तेव्हा आपण समाजाचे घटक आहोत असं मामांना पहिल्यांदा वाटलं.

अशा माणसांना काम संपवायचं नसतं, असा माझा संशय आहे. तांदळाएवढ्या मीटरची झेंडी वर ठेवायची की खाली, यावर सव्वा महिना गेला. झेंडी खाली म्हणजे आत गिऱ्हाईक पाहिजे, गिऱ्हाईक म्हणजे माणूस घडवणं आलं. झेंडी वर राहिली. चाकांच्या डिश खोजव्याच्या खरादवाल्याकडून लाकडात कातून घेतल्या. आयुष्यभर लट्टू आणि सिंदूरदाण्या कातलेला म्हातारा चष्मा पुसून म्हणाला, "पंडितजी, इस पर चींटी बैठेगी क्या?"

खरी करामत क्रोमपट्टीची. त्यासाठी परदेशी चिकट पन्नी मिळते, पण किंमत ऐकून मामांनी ठठेरी बाजार गाठला आणि मिठाईवरचा चांदीचा वर्ख आणला. काडीनं व्हार्निशची केसाएवढी रेघ ओढायची, ती बोटाला चिकटेल न चिकटेल इतकी सुकली की श्वास रोखून वर्ख टेकवायचा, मऊ कुंचल्यानं बाकीचा झटकायचा. काजूकतलीच्या हक्काची चांदी पद्मिनीच्या बंपरवर अशी बसली की मीही गप्प झालो. उरलेला वर्ख मामींनी शिऱ्यावर लावला.

रंगाला मुहूर्त लागतो. पावसाळ्यात हवा दमट, रंग पांढुरका पडतो. म्हणून आषाढ ते आश्विन प्रयोग बंद. कार्तिकात एका निवांत दुपारी काळ्या रंगाचा शेवटचा हात बसला. आरशासारखा. तेवढ्यात वारा फिरला, आणि दोन घाटांपलीकडच्या मणिकर्णिकेवरून एक राखाडी कण तरंगत आला आणि ओल्या बॉनेटवर अलगद टेकला.

मी डोळे मिटले. मामा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे. मोक्षाला निघालं होतं कुणीतरी, टॅक्सी दिसली, बसलं." आणि दोन हजार नंबरचा रेगमाल भिजवायला उठले.

गाडी झाली. टप पिवळा, अंग काळं, लांबी 164 मिलिमीटर, मूळच्या 3930चा बरोबर चोविसावा भाग. तिला उभं करायला मामांनी प्लायवर दारासमोरची गल्लीच बांधली. टेप लावून मोजलेली. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, पायरीवर लोळणारं कुत्रं, सगळं मापात. सगळ्यांना बोलावून मामांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवली आणि बोटानं पुढे ढकलली. हलेना. गल्ली अस्सल चार फुटांची, म्हणजे मापात 51 मिलिमीटर. पद्मिनी रुंदीला 61.

"मामा, गल्ली अर्धा इंच वाढवा. कोण बघतंय?"

गायत्री मंत्रातला एखादा शब्द बदला म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामी दारातून म्हणाल्या, "अहो, मैदागिनलाच उभी करा ना. तिथून चालत येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा टेप घेऊन मैदागिनला निघाले होते.